बंदुकीचा शेवटचा कागद

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



सिनेमातलं एक दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. खून झालेला असतो. इन्स्पेक्टर येतो, खिशातून रुमाल काढतो, जमिनीवर पडलेलं पिस्तूल अलगद उचलतो आणि शेजारच्या हवालदाराच्या हाती देतो. कॅमेरा इन्स्पेक्टरच्या मागे जातो. त्या हवालदाराचं आणि त्या पिस्तुलाचं पुढे काय झालं, हे कुठल्याही सिनेमात दाखवत नाहीत. मी तो हवालदार होतो. सिनेमातला नव्हे, खरा.

पोलीस खात्यात माझी तेहतीस वर्षं नोकरी झाली. त्यातली जवळजवळ बारा वर्षं मी कोकणातल्या एका पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकून होतो. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या, चोराकडून परत मिळवलेल्या किंवा बेवारस सापडलेल्या वस्तू. आमची मुद्देमालाची खोली म्हणजे एक अजबखानाच होता. सायकली, तांब्याचे हंडे, हातभट्टीच्या दारूचे कॅन, कोयते, रक्ताचे डाग पडलेले कपडे. आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. त्या कपाटात बंदुका.

लोक मला विचारायचे, ‘एवढ्या बंदुका पकडता, त्यांचं करता काय?’ काहींना वाटायचं, त्या पोलीसच वापरतात. काहींना वाटायचं, लिलाव होतो. एकाने तर मला बाजूला घेऊन ‘स्वस्तात एखादी मिळेल का’ असंही विचारलं होतं. तेव्हा आज मी तुम्हांला पोलिसांच्या हाती आलेल्या बंदुकीचा प्रवास सांगणार आहे.

पोलीस ठाण्यात बंदूक मुख्यतः तीन वाटांनी येते. पहिली वाट गुन्ह्याची. झडतीत सापडलेला गावठी कट्टा, दरोड्यात वापरलेली रायफल, असं. दुसरी वाट बेवारस मालाची. विहिरीतला गाळ काढताना, जुनं घर पाडताना, एस.टी.च्या बाकाखाली सापडलेलं हत्यार. आणि तिसरी वाट घरातली. परवाना संपला, रद्द झाला किंवा परवानाधारक वारला, म्हणून घरच्यांनी स्वतःहून आणून दिलेली बंदूक. निवडणुकीच्या काळातही परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. पण त्या पाहुण्या. निवडणूक झाली की आपापल्या घरी जातात.

या तिन्ही वाटांना कायदा वेगवेगळा लागतो. आपला शस्त्र अधिनियम 1959 सालचा. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला आणि इंग्रजांचा 1878 सालचा कायदा गेला. इंग्रजांचा कायदा हिंदी माणसाच्या हातात शस्त्र असूच नये, या भीतीपोटी केलेला होता. स्वतंत्र भारताच्या कायद्याने परवाना ठेवला, पण शेतकऱ्याची गरजही ओळखली. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर त्या परवान्याची सोय कायद्याच्या कलमातच आहे. आमच्या कोकणात माकडं आणि रानडुकरं काय करतात, हे ज्याने नारळी आणि भातशेती राखली आहे त्याला सांगायला नको. त्यामुळे आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या बंदुका घरोघरी असायच्या. माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, कधी देवघराच्या वरच्या खुंटीला.

आधी गुन्ह्याची वाट पाहू. हत्यार जप्त केलं की दोन पंचांसमोर पंचनामा होतो. त्यात बंदुकीची जात, नळीची लांबी, बोअर, असल्यास क्रमांक, सगळं लिहायचं. मग ती कापडात गुंडाळून, सुतळीने बांधून, लाखेचं सील लावायचं. वर पंचांच्या सह्यांचं लेबल. मुद्देमाल रजिस्टरला नोंद. त्यानंतर ती तपासणीसाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते. तिथले तज्ज्ञ गोळी झाडून पाहतात, हत्यार चालू स्थितीत आहे की नाही आणि घटनास्थळी सापडलेली पुंगळी त्याच हत्यारातून उडाली का, हे सांगतात. विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा खटला भरायचा तर जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरीही लागते. मग खटला. आणि तो संपेपर्यंत बंदूक आमच्या ताब्यात.

इथे मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे. कारखान्यात बनलेल्या बंदुकीवर क्रमांक ठोकलेला असतो. गावठी कट्ट्याला क्रमांक कुठला? पाण्याच्या पाइपाचा तुकडा, लाकडाची मूठ आणि एक स्प्रिंग. त्याची सगळी ओळख म्हणजे त्याच्यावरचं लेबल. अशा एका कट्ट्याच्या खटल्यात मी साक्षीला उभा राहिलो. पुडकं न्यायालयात उघडलं तर लेबल अर्धं वाळवीने खाल्लेलं. पंचांच्या सह्यांचा भाग गेलेला. आरोपीच्या वकिलांनी कट्टा हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, ‘हवालदार, हा तोच कट्टा आहे हे तुम्ही कशावरून सांगता?’ मी गप्प. मला ठाऊक होतं तो तोच आहे. पण मला ठाऊक असण्याला न्यायालयात किंमत नव्हती, आणि नसावीच. आरोपी सुटला. त्या रात्री मी जेवलो नाही. तो खरोखर गुन्हेगार असेल तर माझ्या कपाटातल्या वाळवीने त्याला सोडवला. आणि तो निर्दोष असेल तर? तर अशाच एखाद्या अर्धवट लेबलाच्या जोरावर कोणीतरी दुसरा निर्दोष आत जाऊ शकतो. दोन्ही बाजूंनी दोष माझ्याकडेच येत होता.

आरोपी सुटला म्हणजे त्याला कट्टा परत मिळतो का? नाही. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याच्या हाती न्यायालय शस्त्र देऊ शकत नाही. खटल्याच्या शेवटी मुद्देमालाचं काय करायचं, हा हुकूम न्यायालय निकालातच देतं. परवान्याची बंदूक चोरीला गेली असेल तर ती मूळ मालकाला. बाकीच्या सरकारजमा किंवा नष्ट. पण हा हुकूमही लगेच अमलात आणता येत नाही. दोन महिने थांबावं लागतं, आणि अपील झालं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत. कारण स्पष्ट आहे. कापलेली बंदूक पुन्हा जोडून वरच्या न्यायालयासमोर ठेवता येत नाही.

बेवारस हत्याराचं वेगळं. त्याची खबर दंडाधिकाऱ्यांना द्यायची. ते जाहीरनामा काढतात, हक्क सांगणाऱ्याला सहा महिन्यांची मुदत देतात. आता विहिरीत सापडलेल्या पिस्तुलावर हक्क सांगायला कोण येणार, असं तुम्ही म्हणाल. सहसा कोणी येत नाही. तरी मुदत द्यायची. कारण एखादं हत्यार वीस वर्षांपूर्वी चोरीला गेलेलं असू शकतं आणि त्याच्या क्रमांकाने एखाद्या जुन्या गुन्ह्याचं दार उघडू शकतं.

या सगळ्यानंतर उरलेली शस्त्रं जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयातल्या शस्त्रागारात जातात. त्यातली काही तुलनेसाठी किंवा प्रशिक्षणासाठी ठेवली जातात. पूर्वी सीमाशुल्क खात्याने पकडलेली काही परदेशी शस्त्रं खासदारांना आणि अधिकाऱ्यांना विकण्याची पद्धतही होती. पण गावठी कट्टे, गंजलेल्या नळ्या, मोडक्या रायफली यांना एकच वाट. नाश.

आणि क्वचित एखादं हत्यार इतिहासात जातं. लाहोरला 17 डिसेंबर 1928 रोजी सॉन्डर्स या इंग्रज अधिकाऱ्याला मारलं गेलं. त्यात भगतसिंगांबरोबर आपल्या खेडचे राजगुरू होते. भगतसिंगांचं ते पिस्तूल जप्त झालं, खटल्यानंतर पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण शाळेत गेलं आणि तिथून पुढे इतर शस्त्रांबरोबर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या केंद्रात. गंज चढू नये म्हणून त्याला काळा रंग दिलेला होता. काही वर्षांपूर्वी शोध घेताना रंग खरवडला आणि खालून क्रमांक निघाला, 168896. खटल्याच्या कागदात हाच क्रमांक होता. नव्वद वर्षांच्या आसपासचा काळ, दोन देश, तीन जागा. कुणातरी कारकुनाने क्रमांक नीट लिहिला म्हणून ते पिस्तूल ओळखता आलं. माझ्यासारख्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

आता शस्त्रं नष्ट करतात कशी, ते सांगतो. आमच्याकडे तो दिवस ठरलेला असे. अधिकाऱ्यांची समिती, पंच, शस्त्रागाराचा कारागीर आणि गॅस कटर घेतलेला वेल्डर. जिवंत काडतुसं आधीच वेगळी काढलेली असत. ती बॉम्बशोधक व नाशक पथकाचं काम. एकेक शस्त्र बाहेर काढायचं. रिकामं आहे याची खात्री करायची. क्रमांक मोठ्याने वाचायचा, हुकुमातल्या यादीशी ताडायचा, खूण करायची. मग कटर. नुसती नळी कापून भागत नाही. नळी दुसरी बसवता येते. चाप, घोडा आणि ते ज्यात बसतात तो सांगाडा कापावा लागतो, नाहीतर अर्धी बंदूक भंगारातून पुन्हा जन्म घेते. तुकडे भट्टीत वितळवायचे. आणि शेवटी नष्ट केल्याचा पंचनामा. बंदुकीचा हा शेवटचा कागद. तो झाला नाही तर बंदूक संपली असं मी कधीच मानत नसे. कारण लोखंड कापलं आणि कागद झाला नाही, तर बंदूक हरवली असं म्हणावं लागतं. आणि कागद झाला पण लोखंड कापलं नाही, तर ती कुठेतरी फिरते आहे.

हे सगळं ऐकून तुम्हांला वाटेल, मी मोठा काटेकोर माणूस होतो. आता तिसऱ्या वाटेची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज दूर होईल.

1988 सालची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या असतील. नवऱ्याचं बारावं-तेरावं नुकतंच झालेलं. गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘साहेबानू, ही घेवा ठेवून. माका घरात नको ती.’ बंदूक सासऱ्याच्या वेळची. दस्त्यावर छोटी पितळी पट्टी, तिच्यावर सासऱ्याचं नाव ठोकलेलं. मुलगा मुंबईला गिरणीत. घरात ही एकटी. शेजाऱ्यांनी घाबरवलेलं, की परवानेवाला मेल्यावर बंदूक घरात ठेवलीस तर पोलीस बेड्या घालतील.

मी नियमाप्रमाणे नोंद केली, पावती दिली, अंगठा घेतला. काम संपलं. त्यांना एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. शस्त्र अधिनियमाच्या 21व्या कलमाप्रमाणे अशी बंदूक जमा करणं बंधनकारक आहे, हे त्यांना कळलंच होतं. पण त्याच कलमात पुढे असंही आहे, की ठरलेल्या मुदतीत वारसाला परवाना मिळाला तर ती बंदूक त्याला परत मिळते. किंवा वारस ती परवाना असलेल्या माणसाला विकू शकतो आणि पैसे त्याचे. मुदत टळली तरच ती सरकारजमा होते, आणि त्याआधीही जिल्हादंडाधिकाऱ्यांनी नोटीस देऊन तीस दिवसांत म्हणणं मांडण्याची संधी दिली पाहिजे. मला हे ठाऊक होतं. बाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढे मुदत संपलेल्या शस्त्रांची यादी मागवली गेली. यादी मीच केली. नोटिसा निघाल्या. बाईंच्या घरी नोटीस घेऊन गेलेला शिपाई आमच्याच ठाण्यातला. त्याने अंगठा घेतला, कागद हातात दिला आणि आला. तीस दिवस गेले. हुकूम झाला. 1996 साली शस्त्रं नष्ट करताना ती पितळी पट्टी मला दिसली. मी क्रमांक वाचला, खूण केली. वेल्डरने चष्मा डोळ्यांवर ओढला.

पुढच्या वर्षी बाई आल्या. बरोबर मुलगा. त्याची गिरणी बंद पडली होती, तो गावी येऊन शेती करत होता. माकडांनी नारळाचं एक बोंडही ठेवलं नव्हतं. त्याने शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं, आणि बंदूक तर घरची होतीच. बाईंनी माझी पावती जपून आणली होती. पावतीबरोबर घडी घातलेला आणखी एक कागद होता. ती नोटीस. त्यांना तीही पावतीच वाटली होती. सरकारी शिक्का असलेला कागद म्हणून ट्रंकेत ठेवून दिली होती.

‘साहेबानू, आमची बंदूक खंय?’

मी रजिस्टर उघडून दाखवलं. त्यांचा अंगठा होता, पुढे हुकुमाचा क्रमांक, पुढे नष्ट केल्याची तारीख, खाली माझी सही. एकही खाडाखोड नाही. मुलगा सगळं वाचून गप्प राहिला. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. बाईंना मात्र समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी विचारलं, ‘एक तुकडो तरी गावतलो काय?’

तुकडा नव्हता. सगळं भट्टीत गेलं होतं. ती पितळी पट्टीसुद्धा.

श्रोतेहो, माझ्या दफ्तरात काहीच चुकलेलं नव्हतं. वरिष्ठांनी तपासणीत त्या रजिस्टरवर चांगला शेरा दिला होता. पण कायद्याने त्या बाईंना जे दिलं होतं, ते त्यांच्यापर्यंत पोचवायची दोन मिनिटं मी दिली नव्हती. कट्ट्याच्या वेळी माझा कागद अपुरा पडला होता. या वेळी कागद पुरा होता आणि मी अपुरा पडलो.

दुसऱ्या दिवशी मी एक पुठ्ठा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत तीन ओळी लिहिल्या आणि टेबलामागच्या भिंतीला लावल्या. निवृत्त होईपर्यंत बंदूक जमा करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या वाचून दाखवत असे, त्याला वाचता येत असो वा नसो. त्या ओळी आज तुम्हांलाही सांगतो, कारण अशा बंदुका अजूनही अनेक घरांत आहेत.

एक : परवानाधारक वारला किंवा परवाना संपला, की उगीच वेळ न घालवता बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. आपणहोऊन, वेळेवर जमा करणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. लपवणाऱ्याने मात्र आहे. विहिरीत किंवा खाडीत टाकून देणं हा तर उपायच नव्हे. ती कधीतरी कुणालातरी सापडते.

दोन : बंदूक ठेवायची असेल तर वारसाने आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा. नको असेल तर मुदतीत विकता येते.

तीन : सरकारी कागद आला तर त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या.

मी निवृत्त झाल्यानंतर कायदेही बदलले. 2016 सालच्या शस्त्र नियमांत वारसांसाठी चांगली सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे मरणाची वाट पाहायला नको. डिसेंबर 2019 मध्ये दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची परवानगी राहिली. आणि 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात मुद्देमाल न्यायालयासमोर आल्यापासून चौदा दिवसांत त्याचं वर्णन आणि छायाचित्रं तयार करायची आणि त्यापुढच्या तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा हुकूम करायचा, असं म्हटलं आहे. ते वर्णन आणि छायाचित्र खटल्यात पुरावा म्हणून चालतं. मुद्देमाल ठाण्यात पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलंच होतं. आता ते कायद्यात आलं. वाळवीला खायला लेबलच उरणार नसेल, तर माझ्यासारख्या निवृत्त माणसाला याहून आनंदाची गोष्ट कोणती?

पण कायदा कितीही चांगला झाला तरी टेबलाच्या अलीकडे एक माणूस असतो आणि पलीकडे एक. बंदूक त्या दोघांमध्ये ठेवलेली असते. पलीकडचा घाबरलेला असतो. अलीकडच्याने पावतीबरोबर दोन वाक्यं बोलायची असतात.